भुसावळला का उतरलास

झाशी, ४ जून

भुसावळला उतरायची काय गरज होती?

गाडी थांबली म्हणून कोणी उतरतं का? चहाला उतरतात, पाण्याच्या बाटलीला उतरतात. तू बॅग घेऊन उतरलास आणि पुण्याकडची गाडी धरून परत गेलास. पोरगा गेला म्हटल्यावर घरातून निघालास, आणि पोरगा जिवंत आहे कळल्यावर माघारी फिरलास. असा बाप मी माहेरी गुरसरायला पाहिला नाही आणि लग्न होऊन झाशीला आले तर इथेही पाहिला नाही. तुझ्या वडिलांचं गाव म्हणून उतरलास म्हणावं, तर तिथे आता आपलं कुत्रंसुद्धा नाही.

चि. विद्याधर यास आशीर्वाद. वरचं आधी लिहायचं होतं म्हणून आशीर्वाद खाली आला. चालवून घे.

आता दुसरी गोष्ट. मी नाटक केलेलं नाही. भुसावळच्या फलाटावरून तू मला फोनवर म्हणालास, "आई, मला बोलवायला तू एवढं खोटं बोललीस?" आणि फोन ठेवलास. माझं ऐकून घेतलं नाहीस. आता वाच. कागद मधेच ठेवता येतो, पण तू ठेवणार नाहीस, मला माहीत आहे.

फोन अजयचा आला होता. अजय म्हणजे चिरगाँवचा मुलगा, तुझ्या निशांतच्याच पलटणीत आहे. त्या दिवसांत तिकडे सीमेवर गोळे पडत होते. टीव्ही लावला की तेच, बंद केला तर शेजारच्या घरातून तेच. निशांतला फोन लागत नव्हता. मी डाळ निवडत बसले होते. अजय म्हणाला, "दादी जी, मैं अजय. निशांत बाद—" आणि फोन कटला. परत लावला, लागेना. परत लावला. बाई आपली सांगते आहे, संपर्कक्षेत्राच्या बाहेर.

तू म्हणशील, आई, तू बुंदेलखंडात जन्मलेली, तुला "बाद में" कळत नाही? कळतं. पण त्याचं "में" माझ्यापर्यंत आलंच नाही, ते फोननं खाल्लं. उरलं "निशांत बाद." आणि ह्या घरात बाद म्हणजे काय, ते तुला मी सांगू?

मला गुरसरायला बाद म्हणजे नंतर, एवढंच ठाऊक होतं. नवी नवरी असताना तुझे वडील रविवारी रेल्वेच्या मैदानावरून आले आणि म्हणाले, "आज मोठ्या साहेबाला बाद केला." मी विचारलं, "मग आधी कोणाला केला?" सासूबाई हसून हसून खाली बसल्या. तेव्हापासून शिकले. आठवडाभर गाडीला हिरवा झेंडा दाखवायचा आणि रविवारी अंपायर होऊन बोट वर करायचं, असा तो माणूस. आउट म्हटलं की रागवायचा. म्हणायचा, मराठी माणसाच्या घरात फलंदाज बाद होतो. मग तू बाद झालास, निशांत बाद झाला, शेजारची मुलंसुद्धा इथे येऊन हिंदीत बोलताना बाद म्हणायला लागली. सगळ्या जन्मात मी हा शब्द फोनवर दुसऱ्या कशासाठी ऐकलेला नाही. आणि लढाई चालू असताना नातवाचं नाव आणि पुढे बाद. तू माझ्या जागी असतास तर काय ऐकलं असतंस?

तुला फोन केला तेव्हा मीही तेवढंच म्हणाले. "विद्याधर, निशांत बाद झाला." मेला हा शब्द तोंडून निघेना. आणि तू दोन वर्षांनी माझ्याशी बोललास तो पहिला शब्द. "कसा?"

मी काय सांगणार. मला कुठे माहीत होतं. मग तुझ्याकडून काहीतरी आवाज आला आणि तू म्हणालास, निघतो.

दुसऱ्या दिवशी अजयचा फोन लागला. "अरे दादी जी, हमने तो कही थी, निशांत बाद में बात करेगा!" मी त्याला अशा शिव्या घातल्या की गुरसरायला कोणी ऐकल्या असत्या तर माझं लग्न झालं नसतं. आणि लगेच तुला कळवलं. तू कुठे पोचलायस ते मला काय माहीत. तू पुढे इटारसीला पोचेपर्यंत थांबले असते तर बरं झालं असतं.

आता एक गोष्ट लिहिणार नव्हते, ती लिहिते. त्या रात्रभरात मी नातवासाठी बसले होते. पण पुण्याची झेलम गाडी झाशीला कधी येते ते मला पाठ आहे, आणि पहाटे मी उठून तुझी चादर काढली. नातू गेला असं समजून बसलेली बाई मुलाची चादर झटकते. काय म्हणायचं ते म्हण.

निशांतची सुट्टी मंजूर झाली आहे. पुढच्या आठवड्यात येतो आहे. बरा आहे. बरा म्हणजे बरा, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

आई


झाशी, १७ जून

पत्र आलं. अक्षर क्षमाचं. मी पत्र कोणाला लिहिलं होतं? पाकिटावर नाव कोणाचं होतं? सून माझी चांगली आहे, अक्षर तर तुझ्याहून चांगलं आहे, पण मी तिला काही विचारलं नव्हतं. "ह्यांना सध्या वेळ होत नाही." रिटायर झालेल्या माणसाला वेळ होत नाही! पुण्यात दुसऱ्यांच्या पोरांना सकाळ-संध्याकाळ बॅट धरायला शिकवतोस, त्यात जातो का वेळ?

पण तिनंच खाली लिहिलंय की तू आता मैदानावर जात नाहीस. भुसावळला एक जुना मित्र आजारी होता, त्याला बघून आलास, तेव्हापासून जेवण नीट नाही. मित्र म्हणे. मी वाचलं आणि कागद मिटला. म्हणजे तू तिला काही सांगितलंच नव्हतंस. पोरगा गेला असं समजून एकटा गाडीत बसलास, आणि बायकोला कळू नये म्हणून मित्र आजारी पाडलास. ह्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. क्षमाला मीही कळवलेलं नाही. तुझं गुपित तुझ्यापाशी.

निशांत आला. स्टेशनवर मी गेले होते. आता त्या स्टेशनाला नवं मोठं नाव दिलंय, रिक्षावाल्यालासुद्धा ते पूर्ण घेता येत नाही, तो झाशी टेशनच म्हणतो. पोरगा वाळलाय. केस बारीक कापलेत. सामान अजयनं उचललं होतं. मी म्हटलं, "ह्याला काय झालं, नवाब आहे का?" तर अजय म्हणाला, "दादी जी, हम हैं न नौकर."

जेवतो बरा. डाव्या हातानं जेवतो. मी रागवत नाही, आता कोण बघतंय. पोळी मी कुस्करून देते. लाड समज.

संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर जाऊन उभा राहतो. मुलं बोलावतात, "भैया, कीपिंग कर दो." तो म्हणतो, दस्ताने नाहीत. मी म्हटलं, "हातमोजे वरच्या पेटीत आहेत की, तुझ्या बापानं आणलेले." तो म्हणाला, "आजी, ते छोटे पडतील." चेंडू त्याच्याकडे आला तर पायानं अडवतो. लहानपणी चेंडूला पाय लागला तर तू त्याला चेंडूच्या पाया पडायला लावायचास, आठवतं का?

त्याचं मराठी अजून तसंच, अर्धं हिंदीतून येतं. काल म्हणाला, "आजी, मला जायचं पडेल." मी म्हटलं, "जायचं पडत नाही, जावं लागतं." तो म्हणाला, "वही. लागतं." आणि हसला. हसला तेव्हा मला तुझ्याकडून त्याच्याकडे काय आलंय ते दिसलं. खालचा ओठ.

क्षमाशी तो फोनवर बोलतो. तुला माहीत नसेल. आता झालं माहीत.

दारातलं स्टूल मी आत घेतलं आहे. ऊन फार आहे, लाकूड तडकतं.

आई


झाशी, २१ जून

तुला पत्र टाकलं तर वाटलं काही राहिलं. राहिलं ते हे.

अजय चिरगाँवहून बसनं आला होता. आंबे घेऊन आला. मी म्हटलं, "घरचे आहेत का रस्त्यातले?" तर म्हणाला, "दादी जी, चोरी के हैं, और मीठे हैं." बसला. पलटणीत निशांतला कीपर साहब म्हणतात असं त्यानं सांगितलं. काहीही फेकलं की झेलतो. चहाचा मग, पाव, कोणाची टोपी. एकदा म्हणे मोठ्या साहेबाचा चष्मा. मग बोलता बोलता म्हणाला, "उस दिन भी दादी जी, जब गोला गिरा—"

निशांत म्हणाला, "अजय. चुप."

अजयनं आंबा खाल्ला आणि गेला. मीही विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं असं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याला फौजेच्या टीममध्येच राहायचं होतं तर राहता आलं असतं, हे तू म्हणालास ते खरं होतं. खेळाडू म्हणून भरती झाला, खेळायचं आणि पगार घ्यायचा, तूही त्यासाठीच तयार झाला होतास. मग पलटण वर सीमेकडे निघाली आणि ह्यानं स्वतः अर्ज केला की मला टीममधून सोडा, मला माझ्या लोकांबरोबर जायचं आहे. तुझा जीव तुटला. मला कळत होतं. थंडीत, धुक्यात, दिसत नसताना तू त्याला चेंडू टाकलेस, ते मी ह्याच खिडकीतून पाहिलं आहे. पण स्टेशनवर गाडी हलताना तू जे बोललास ते बोलायला नको होतं. मी तिथेच उभी होते. तू म्हणालास, "यापुढे कसा बाद झालास ते मला सांगायला येऊ नकोस."

लढाईवर चाललेल्या पोराला.

त्यानंतर तू पुण्याला गेलास आणि ह्या घराचा उंबरा पाहिला नाहीस. बस. राहिलं होतं ते हेच.

आई


झाशी, २९ जून

त्यानं मला शपथ घातली होती की बाबांना कळवायचं नाही. माझ्या वयात शपथेला कोण भितं. कळवते.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आहे आणि शेवटचं करंगळीचं बोट आहे. गोळा जवळ पडला. अजयनं फोन केला तेव्हा डॉक्टरांनी त्याला आत नेलं होतं, म्हणून "निशांत बाद में बात करेगा." म्हणजे तो निरोप काही अगदीच सुखाचा नव्हता. मी फक्त जास्त वाईट ऐकला. हे मला त्याच्या हाताचं फडकं बघून स्टेशनवर कळलं. मी तुला लिहिलं, पोळी कुस्करते ते लाड समज. तेवढं मात्र खोटं होतं. नाटकाबद्दल मला बोललास, ह्याबद्दल बोल हवं तर.

जखम भरत आली आहे. पट्टीसाठी बबीन्याला छावणीच्या हॉस्पिटलात जातो, एकदा मी बरोबर गेले. तिथली सिस्टर मला म्हणाली, "अम्मा जी, आपका पोता रोता ही नहीं." मी म्हटलं, "अंपायरचा नातू आहे, निकाल लागला की मैदानात उभं राहायची सवय नाही." तिला काही कळलं नाही. परत येताना बसमध्ये मीच खिडकीकडे तोंड करून बसले. धूळ फार होती.

आता मुद्द्याचं.

परवा मी त्याची पोळी कुस्करत होते. तो म्हणाला, "आजी, उस दिन तुला क्या लगा?"

मी म्हटलं, "काय वाटणार? मेलास असं वाटलं. मग तुझ्या बापाला फोन केला."

तो जेवायचा थांबला. "बाबा काय बोलले?"

"बोलतो काय. कसा म्हणाला."

"कसा, असं? तेवढंच?"

"तेवढंच."

"आजी, नीट आठव. दुसरं काही नाही?"

"माझे कान फुटके आहेत असं तूही म्हण आता. कसा म्हणाला, आणि निघाला."

"कुठे निघाले?"

मग मला भुसावळ सांगावं लागलं. मी काही कमी करून सांगितलं नाही, उलट चार गोष्टी वाढवूनच. बॅग घेऊन उतरला, पुण्याकडची गाडी धरली, मला खोटारडी म्हणाला. मला वाटलं पोरगा चिडेल, माझ्या बाजूनं बोलेल. तर त्याचा चेहरा कसा झाला सांगू? शाळेच्या टीममध्ये नाव आलं होतं तेव्हा झाला होता तसा.

"बाबा भुसावळतक आले होते?"

"आणि परत गेला, तेही ऐक."

"आजी, तो तो आधा रास्ता है."

मी म्हटलं, "अर्धा नाही. अर्ध्याच्या बराच अलीकडे. गार्डाची बायको आहे मी, मला नको सांगूस."

"हां, पण आले होते ना."

मी इतके दिवस तू कुठे उतरलास ते धरून बसले होते. पोरानं तू कुठवर आलास ते धरलं.

मी म्हटलं, "बरं, मग मला तरी सांग. कसं झालं ते. अजयला चूप केलंस, सिस्टरला सांगत नाहीस, मी विचारत नव्हते म्हणून काय मला ऐकायचं नाही असं थोडंच आहे."

तो म्हणाला, "तुला नाही, आजी. बाबांनी स्टेशनवर सांगितलं होतं, कसा बाद झाला ते सांगायचं नाही. म्हणून मी कोणालाच नाही सांगितलं. आता त्यांनी स्वतः विचारलं. आता मला उत्तर द्यायचं पडेल."

मी त्याचं मराठी सुधारलं नाही.

तुला आठवतं ना रे? तू दारात स्टूल टाकून बसायचास. पोरगा मैदानावरून यायचा, अंगभर धूळ, बॅट ओढत. बाकीचे बाप विचारायचे किती केलेस. तू कधी धावा विचारल्या नाहीस. तू विचारायचास, "कसा?" आणि तो सांगायचा. चेंडू बाहेरचा होता, सोडायला हवा होता. नाहीतर, सूर्य डोळ्यांवर होता. तू म्हणायचास, सूर्य रोजच असतो. मग दोघं आत यायचात. तुमच्या दोघांत दुसरं बोलणं मी फारसं ऐकलेलं नाही, आणि त्याची गरजही कधी दिसली नाही.

त्याची सुट्टी संपत आली. मग त्याला डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं आहे, आणि पुढे कुठे पाठवायचं ते फौज ठरवणार. पलटणीतच ठेवा असं म्हणणार म्हणतो. लिहायला डावा हात बसवतो आहे, माझ्या जुन्या पाटीवर अक्षरं गिरवतो. अक्षर माझ्यासारखं येतं, म्हणजे वाईट. कीपिंग पुन्हा होणार नाही. हे तू झाशीच्या अलीकडेच गिळून ये, त्याच्यासमोर नको. तो खेळाडू म्हणून परत येणार नाही, पण त्याच्याकडे सांगायला आहे, आणि ऐकणारा तू एकटाच आहेस असं त्याचं म्हणणं.

क्षमाला घेऊन ये. तिला हाताचं गाडीत सांग, पण भुसावळ मागे पडल्यावर सांग. तुझ्या घराण्याला ते स्टेशन मानवत नाही.

स्टूल मी बाहेर काढलं आहे. एक पाय हलतो, खाली लाकडाची चिप घातली आहे.

तुझी चादर काही घालायची राहिलेली नाही. मी ती परत ठेवलीच नव्हती.

ह्या पत्राला उत्तर लिहायचं नाही. तूही नाही, आणि क्षमाच्या अक्षरात तर मुळीच नाही. तू फक्त ये, दारात बस, तो मैदानावरून आला की एकदा विचार. उत्तर निशांतनंच द्यायचं आहे.

आई